थ्रॉटल बॉडी बदलली तो रविवार

रविवार, रात्री साडेदहा

नखांतली काजळी अजून निघालेली नाही. साबण झाला, लिंबाची साल झाली. राहू दे. आजचं आजच लिहून ठेवायचंय.

गेल्या सोमवारी सकाळी साताऱ्यात राजवाड्याकडून समर्थ मंदिराकडे चढत होते. शाळेच्या व्हॅनमध्ये नऊ मुलं. एकाएकी गाडी ओढेचना. इंजिन चालू, पण पॅडल दाबलं तरी जीव नाही, आणि समोर पिवळा दिवा. मागे रिक्षा, तिच्यामागे एसटी. पहिल्या गिअरवर कशीबशी कडेला घेतली. पुढे बसलेली छोटी म्हणाली, "काकू, गाडी दमली का?" मी हो म्हटलं. बंद करून परत चालू केली तर काही झालंच नाही अशी निघाली. तेच मला जास्त लागलं. ठार बंद पडली असती तर त्याच दिवशी काहीतरी केलं असतं.

खरं म्हणजे हे दुसऱ्यांदा झालं होतं. पहिल्यांदा गॅरेजमध्ये थ्रॉटल साफ करून घेतला होता आणि पंधरा दिवस सुखात गेले. मामांना (माझे सासरे, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले) तेव्हा मोठ्या खुशीत सांगितलं, गाडी बरी झाली. ते म्हणाले, "पुसल्यावर गेलं, ते ठीक. पण होतं काय, ते कळलं का?" नव्हतं कळलं. आणि मुलांच्या घरी तर मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

मग स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा छोटा स्कॅनर आणला. बिघाडाचा कोड आला पी २१३५. त्याचा अर्थ समजून घेतला आणि गाडीवरचा माझा राग गेला.

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दरवाजा. आत एक गोल पाकळी, ती फिरवायला छोटी मोटर. पॅडलपासून तिथपर्यंत आता केबल नाही, नुसत्या वायरी. पाकळी किती उघडली हे सांगायला एकाच जागी दोन सेन्सर बसवलेत. एकाचा व्होल्टेज बदलला की दुसऱ्याचाही ठरलेल्या हिशेबाने बदलायला हवा. दोघांचं जुळलं नाही तर हा कोड येतो आणि गाडीचा कॉम्प्युटर पाकळी आपल्या मर्जीने हलवतच नाही. मोटरची वीज काढून घेतो. मग स्प्रिंग पाकळीला जराशा उघड्या जागेवर धरून ठेवते, गाडी रखडत का होईना रस्त्याच्या कडेला पोचते. म्हणजे त्या चढावर ती दमली नव्हती. चुकीच्या आकड्यावर विसंबून नऊ मुलांसकट सुसाट सुटण्यापेक्षा तिने हळू होणं पत्करलं. मीही तेच केलं असतं.

पाकळीच्या कडेला तेलाच्या वाफेची काजळी बसते आणि ती पुसली की आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचं चालणं) सुधारतं, हे खरं. पण झिजलेला सेन्सर स्प्रेने बरा होत नाही. ते पंधरा दिवस निव्वळ नशिबाचे होते.

तरी लगेच नवीन थ्रॉटल बॉडी घेतली नाही. वायर तुटली असेल किंवा कनेक्टर सैल असेल तरी हाच कोड येतो. म्हणून शनिवारी मल्टिमीटर लावला. कनेक्टरवर पाच व्होल्ट नीट येत होते, वायरी हलवून बघितल्या तरी आकडा ढळला नाही. पाकळी सावकाश उघडताना मात्र एका सेन्सरचा आकडा मध्येच गचकन खाली यायचा, दरवेळी त्याच जागी.

आज पावसाने उघडीप दिली. आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे सगळं काम सीट उचलून, वाकून. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. चावी चालू असताना पाकळीत बोट घालायचं नाही, मोटरने मिटली तर बोट चेंगरतं. हवेच्या पाइपचा क्लॅम्प, कनेक्टरचं लॉक, मग दहा नंबरच्या पान्याने चार बोल्ट. मामांनी हात लावला नाही, टॉर्च धरून उभे राहिले. बोल्ट मात्र पुठ्ठ्यावर चौकोन काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचायला लावले. मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या) उघड्या तोंडात मी लाल साडीचा तुकडा कोंबला. लाल मुद्दाम, आत विसरू नये म्हणून.

सांधा हवाबंद ठेवणारं जुनं गॅस्केट परत वापरायचं नव्हतंच. नवीन बॉडी बसवताना मामा एवढंच बोलले, "आधी बोटांनी. मग समोरासमोरचे थोडे थोडे. खाली प्लास्टिक आहे, जोर करशील तर आटे जातील." तशीच बसवली. बॅटरी जोडून, इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवून थांबलो. आतून पाकळीची बारीक गुरगुर आली. पाकळी मिटली म्हणजे नेमकी कुठे, ते कॉम्प्युटर शिकत होता. चालू केल्यावर आयडलिंग जरा चढं होतं, पाचेक मिनिटांत बसलं.

संध्याकाळी मामांना शेजारी बसवून यवतेश्वरचा घाट चढले. चार वळणं मी श्वास धरूनच घेतली. वर थांबून परत स्कॅनर लावला, कोड नाही. खाली सगळं सातारा, समोर अजिंक्यतारा. मामा म्हणाले, "आता उतरताना नीट ऐक." पूर्ण उतार आम्ही दोघं एक शब्द न बोलता उतरलो.

सोमवार, दुपार

समर्थ मंदिराचा चढ दुसऱ्या गिअरवर, नऊ मुलं घेऊन.

त्याआधी सकाळी छोटीच्या आईला सगळं सांगितलं. त्या दिवशी काय झालं, त्याआधीही झालं होतं, आणि मी तेव्हाच का नाही सांगितलं. बाकीच्यांना संध्याकाळी सांगणार आहे. छोटीची आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग दप्तर आत ठेवलं आणि बाटली माझ्या हातात दिली. म्हणाली, "घसा दुखतोय तिचा. कोमट भरलंय, हेच प्यायला सांगा."