वाटीतले स्क्रू

चैत्र लागला की परभणीत घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. यंदा आमचा कूलर उतरला त्याच दुपारी मी माझा जुना लॅपटॉपही उघडायला घेतला. ब्राउझरची चार पाने उघडली तरी त्याला धाप लागत असे, आणि दुकानदाराने ‘ठेवून जा, दोन दिवसांनी बघू’ असे सांगितल्यामुळे मी ४ जीबीची रॅम, म्हणजे लॅपटॉपच्या चालू कामाच्या स्मृतीची पट्टी, तेवढी विकत घेऊन घरी परतलो होतो.

कूलरचे गवत बदलणे, पंपातला गाळ काढणे, मोटारीला तेल देणे ही सारी कामे माझे वडील स्वतः करीत, आणि निघालेले स्क्रू स्टीलच्या वाटीत सांभाळण्याचे काम माझ्याकडे असे. सगळे जोडून झाले की वाटीत एखादा स्क्रू हमखास उरे. वडील तो काही न बोलता खिशात टाकीत आणि आई उन्हाळाभर कूलरजवळ चप्पल घालूनच जाई. मात्र याच वडिलांनी घरातला रेडिओ कधीही उघडला नाही. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, याचा त्यांचा काही हिशेब होता, पण तो त्यांनी कधी सांगितला नाही.

रॅम कूलरच्या गटातली की रेडिओच्या, हे मला झाकण उघडल्यावर कळले. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या रॅमच्या दोन पिढ्या; त्यांच्या पट्ट्यांवरच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे चुकीच्या पिढीची पट्टी लॅपटॉपात बसतच नाही; इतका समजूतदारपणा कूलरच्या पंपातही नसतो. भीती असते ती अंगातल्या स्थिर विजेची, आणि आमच्याकडच्या कोरड्या हवेत टेरिकॉटचा सदरा काढतानाही ती चटचटते. म्हणून आधी एखाद्या उघड्या धातूला हात लावावा, असे सांगतात. कूलरला हात लावण्याचे धाडस मला झाले नाही. मी लोखंडी कपाटाची कडी धरली.

पट्टी तिरकी घालून खाली दाबली, बटण दाबले, आणि पडदा काळाच राहिला. त्या अर्ध्या मिनिटात दुकानदाराचे दोन दिवस मला फार थोडे वाटले. पट्टी काढून पुन्हा नेटाने बसवली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक’ आवाज आला. पहिल्या वेळी तो आलाच नव्हता, एवढीच चूक होती. आधीचे ४ आणि नवे ४ मिळून पडद्यावर ८ जीबी उमटले.

ज्याला स्क्रू मोजता येतात त्याने हे काम घरीच करावे, असे माझे मत आहे. फक्त लॅपटॉपात विंडोजची जुनी, ३२-बिट आवृत्ती असेल तर आधीच थांबावे, कारण तिला ४ जीबीच्या पुढचे दिसत नाही. अर्थात आता अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डागलेली असते, तिथे हा प्रश्नच उरत नाही.

झाकण लावून झाल्यावर वाटी पाहिली. एकही स्क्रू उरला नव्हता. मला उगीचच थोडे चुकल्यासारखे वाटले.