श्री-पेरुम्-बुदूर

श्रीपेरुंबुदूर हा शब्द आमच्या घरात सगळ्यांना न अडखळता म्हणता येतो. आजीलासुद्धा यायचा, आणि ही बाई स्टेशनला शेवटपर्यंत 'ठेसन' म्हणत होती. तंजावरच्या एका लॉजच्या पायरीवर बसवून आम्हाला तो शिकवला गेला. श्री, पेरुम्, बुदूर. तीन तुकडे पाडायचे आणि मग जोडायचे.

साल १९९१. बाबा साताऱ्याला बँकेत. रजेतल्या प्रवासभाड्याच्या ज्या सवलतीला बाकीची सरकारी माणसं एलटीसी म्हणतात, तिला बँकेत एलएफसी म्हणतात, आणि ती साठवून साठवून बाबांनी दक्षिण भारताची मोठी सहल आखली होती. मद्रास, तंजावर, रामेश्वर, कन्याकुमारी आणि जमलं तर कोडाईकनाल. आजोबा गुडघ्यांमुळे आणि घराला राखण म्हणून मागे राहिले. सहल एकच असली तरी ती प्रत्येकाची वेगळी होती. आजीसाठी ती रामेश्वरची होती. काशीहून आणलेल्या गंगेचा झाळलेला गडू तिने जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. मी अकरा वर्षांचा होतो. कोडाईच्या तळ्यात होड्या असतात एवढं कुणीतरी सांगितलं होतं, आणि माझ्या लेखी मधली सगळी देवळं म्हणजे त्या होडीपर्यंत पोचायचा टोल होता.

२१ मे, मंगळवार. संध्याकाळी आम्ही बृहदीश्वराच्या देवळात गेलो. राजराजा चोळाने १०१०च्या सुमारास बांधलेलं ते प्रचंड देऊळ, समोर तसाच नंदी, आणि दिवसभर तापलेल्या फरशीवर आमची अनवाणी नाचानाच. पण आमची सगळी वरात थांबली ती एका भिंतीपाशी. दगडात मराठी कोरलेलं होतं! दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली तिथे भोसल्यांच्या घराण्याचा सगळा इतिहास कोरून ठेवलाय, भिंतच्या भिंत. आठवडाभर दुकानाच्या पाट्यांपासून बसच्या पाट्यांपर्यंत काही म्हणता काही वाचता येत नव्हतं, आणि इथे अचानक आपली अक्षरं. आजी बोट फिरवत एकेक शब्द लावू लागली. अर्धं कळत नव्हतं, पण आवाज असा चढला होता की दोन-चार माणसं बघायला थांबली. "आपल्या साताऱ्याचंच घराणं की हे," असं ती त्यांना मराठीत सांगत होती. त्यांनीही माना डोलावल्या.

त्याच रात्री, तिथून तीनशेएक किलोमीटरवर, दहा वाजून गेल्यावर ते घडलं. आम्ही पंख्याखाली गाढ झोपलो होतो.

सकाळी बाबा कॉफी आणायला थर्मास घेऊन खाली उतरले आणि रिकामा थर्मास घेऊन वर आले. रस्त्यावर एक फळी उघडलेली नव्हती. लॉजचा पोऱ्या त्यांना काहीतरी सांगत होता, त्यातला 'राजीव' हा एकच शब्द कळत होता, आणि मग त्याने हात वर आभाळाकडे केला. बाबांना वाटलं, निवडणुकीचं काहीतरी असेल. प्रचाराचा मोसम होता, दोनच दिवसांपूर्वी मतदानाचा पहिला टप्पा झाला होता. गावातल्या भिंतीभिंतींवर कुठे पंजा, कुठे दोन पानं, कुठे उगवता सूर्य. ती चित्रं तेवढी आम्हाला वाचता यायची. मॅनेजरच्या टेबलावर पेपर होता. पहिल्या पानावर राजीव गांधींचा मोठा हसरा फोटो, वर जाडजूड मथळा. बाबा त्या मथळ्याकडे बघत उभे राहिले. काल संध्याकाळी आम्ही १८०३ सालचा दगड वाचला होता. आजचा पेपर हातात होता, आणि फोटोतला माणूस हसत का होता, ते लागत नव्हतं.

मॅनेजरने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं तेव्हा बाबांनी दोनदा विचारलं. मग तो उठला आणि समोरच्या बोळातून एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन आला. धोतर, सदरा, कपाळावर गंध. ते आले आणि म्हणाले, "बाहेर जाऊं नका."

मराठीत!

तंजावरात मराठी माणसं आहेत हे बाबांना पुस्तकातून माहीत होतं. व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्या मागून गेलेली, तिथेच राहिलेली. पण माहीत असणं निराळं आणि 'जाऊं'वरचा अनुस्वार कानाने ऐकणं निराळं. आम्ही त्यांना राव म्हणायचो, तिथे सगळेच त्यांना तसं म्हणत. त्यांचं मराठी पोथीतून उठून आल्यासारखं होतं आणि त्याला तमिळ हेल होता. वाक्य संपलं असं वाटायचं तेव्हा ते नुकतं सुरू झालेलं असायचं. पायरीवर बसून त्यांनी तो पेपर आम्हाला ओळीओळीने मराठीत वाचून दाखवला. गावाचं नाव आलं तेव्हा आजीने तीनदा विचारलं, म्हणून त्यांनी ते तोडून शिकवलं. हार घालायला लोक पुढे आले, आणि स्फोट झाला. आजी ऐकत होती. "वय काय हो?" तिने विचारलं. शेहेचाळीस. मग ती काहीच बोलली नाही. सात वर्षंही पुरी झाली नव्हती त्याच्या आईला, इंदिराबाईंना, जाऊन.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मी हळूच ताईला विचारलं, "म्हणजे कोडाई कॅन्सल?" तिने मला चिमटा काढला. आज वाटतं, तो तिने स्वतःलाच काढला असावा, कारण चेहऱ्यावर तिच्याही तोच प्रश्न होता.

पुढचे दोन दिवस आम्ही खोलीत. बस नाही, गाडीचा भरवसा नाही. कुठे द्रमुकचे झेंडे उतरवले, कुठे कचेऱ्यांवर दगड पडले, हे राव येऊन सांगायचे. मॅनेजर दोन्ही वेळा दहीभात पाठवायचा, बाकी घरचा चिवडा. आई बसल्या जागी कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत होती. घरी असतो तर, ती मध्येच म्हणायची, आणि वाक्य तिथेच सोडायची. घरी असतो तर काय केलं असतं? काहीच नाही. कोपऱ्यावर जाऊन उभे राहिलो असतो. शेजारच्या ओट्यावर बसून चारचौघांबरोबर तेच तेच बोललो असतो. इथे आम्ही सहलीचे लोक. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर उन्हाची टोपी, ट्रंकेत कन्याकुमारीसाठी घेतलेला पोहायचा पोशाख. दुःखाला गेलेल्या माणसाच्या अंगावर लग्नातला शर्ट असावा तसं झालं होतं. बाबांनी कॅमेरा ट्रंकेत टाकला. छत्तीस फोटोंच्या रोलमधले एकोणीस उरले होते. ते पुढे गणपतीत संपवले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक एसटीडी बूथ अर्धं शटर वर करून उघडला. घरी फोन नव्हता, शेजारच्या काकूंचा पी.पी. नंबर होता. काकूंनी फोन घेतला, 'थांबा, थांबा' म्हणाल्या, आणि आजोबांना बोलवायला धावल्या. इकडे मीटरचे लाल आकडे पळताहेत, बाबांचा जीव वरखाली. गुडघे सांभाळत आजोबा आले आणि धापा टाकत पहिलं वाक्य बोलले, "अरे, राजीव गांधी गेले. कळलं का तुम्हाला?"

बाबा म्हणाले, "हो दादा, कळलं."

पण दादांचा विश्वास बसला नसावा. परमुलखात, अनोळखी भाषेत पोरांना कोण सांगणार? पुढची तीन मिनिटं त्यांनी तमिळनाडूत बसलेल्या बाबांना तमिळनाडूची बातमी सांगितली. स्फोट कसा झाला, मतदान पुढे ढकललंय, दूरदर्शनवर काय काय दाखवताहेत. बाबा मीटरकडे न बघता नुसतं 'हो', 'हो' म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर ते बूथच्या बाहेर येऊन पाठमोरे उभे राहिले आणि चष्मा बराच वेळ पुसत बसले. बातमी त्यांना दोन दिवस आधीच कळली होती.

शुक्रवारी, २४ तारखेला, दिल्लीत अंत्यसंस्कार. लॉजच्या खालच्या खोलीत टीव्ही होता आणि अख्खा बोळ तिथे लोटला होता. समालोचन हिंदीत. आता गंमत उलटी झाली. मॅनेजर बाबांकडे बघू लागला. बाबा हिंदीचं इंग्रजी करायचे, तो इंग्रजीचं तमिळ करायचा, आणि मागच्या रांगेपर्यंत वाक्य पोचेस्तोवर पडद्यावर पुढचंच काही चाललेलं असायचं. राहुलने अग्नी दिला तेव्हा मात्र कुणी कुणाला काही सांगितलं नाही. आजीशेजारी लॉजमध्ये झाडलोट करणारी बाई बसली होती. दोघी एकदमच 'च्च' म्हणाल्या.

परतीचं आरक्षण मद्रासहून होतं, ते गाठणं एवढंच उरलं होतं. रामेश्वर राहिलं. गडू जसा आला तसा लुगड्यात गुंडाळून परत निघाला. निघताना आजीने रावांना खाली वाकून नमस्कार केला, आणि ते, तिच्याहून चार वर्षांनी लहान निघाले, भयंकर संकोचले.

साताऱ्याला पोचलो तर ओट्यावर अख्खी आळी. "तुम्ही तर तिथेच होतात!" आम्हाला काय म्हणून दिसलं नव्हतं! बॉम्ब, पोलीस, पळापळ, लोकांनी सगळं टीव्हीवर पाहिलं होतं आणि आता ते आमच्या तोंडून ऐकायचं होतं. एक काका म्हणाले, "ते पेरंबूर म्हणजे तुमच्यापासून किती लांब?"

"श्रीपेरुंबुदूर," आजी चहा गाळता गाळता आतून म्हणाली.

"तेच हो. पण तुम्ही पाहिलंत काय काय?"

बाबांनी जरा विचार केला. "देऊळ पाहिलं," ते म्हणाले, आणि त्या भिंतीवरच्या मराठीबद्दल सांगू लागले.