कर्ज फेडलं, पण बँकेच्या दप्तरी ते फिटेना

पर्सनल लोनचा शेवटचा रुपया भरल्यावरही बँकेच्या दप्तरी माझं कर्ज कित्येक महिने चालूच होतं. त्या शाखेवरून जाताना अजूनही माझं डोकं तापतं. ज्यांचं कर्ज आता फिटत आलंय त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहितेय.

फेडण्याचा भाग थोडक्यात सांगते. बाबांच्या आजारपणात पर्सनल लोन काढलं होतं, शिवाय औषधं आणि तपासण्यांचा खर्च क्रेडिट कार्डावर चढत गेला. आधी कार्ड मोकळं केलं. बऱ्याच कार्डांवर व्याज महिन्याला ३.५ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या वर. एकदा बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. नुसतं ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरत राहिलो असतो तर वर्षानुवर्षं त्यातच अडकलो असतो. पाटल्या तारण ठेवून कमी व्याजाचं सोनेतारण कर्ज घेतलं आणि कार्ड एकरकमी भरलं. मग भिशी, दिवाळीचा बोनस, नवऱ्याच्या ओव्हरटाइमचे पैसे, जमेल ते पर्सनल लोनकडे वळवलं. मधे काही हप्ते उशिरा गेले तेव्हा वसुलीवाल्याने सुचवलं, ‘थोडे भरा, सेटलमेंट करून टाकू.’ मी साफ नाही म्हटलं. सेटलमेंट म्हणजे थोडी रक्कम घेऊन बँक बाकीची सोडून देते. ती केली की क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो आणि पुढे कर्ज देणारा तो बघूनच हात आखडतो. आम्ही पै न् पै फेडली, याचा मला अभिमान आहे.

थोडे हप्ते बाकी असताना उरलेलं सगळं मुदतीआधी भरायचं ठरवलं. शाखेने फोरक्लोजर लेटर दिलं, त्यात रक्कम आणि ती कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते लिहिलेलं होतं. मुदतीच्या आत तेवढीच रक्कम कर्जखात्यात भरली. नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा दाखला, मागायला गेले तर काउंटरवरून उत्तर, ‘सिस्टीमला अजून दिसत नाही, आठवड्याने या.’ आठवड्याने गेले तर साहेब रजेवर. त्यानंतर ‘हेड ऑफिसला टिकेट टाकलंय.’ कस्टमर केअरला फोन केला की संध्याकाळी मेसेज यायचा, तुमची तक्रार निकाली काढली आहे. निकालात काहीच निघालेलं नसायचं.

स्टेटमेंट काढून ओळ न् ओळ वाचली तेव्हा उलगडा झाला. पैसे खात्यात पोचले होते, पण कर्ज बंद करण्याची नोंद शाखेने सिस्टीममध्ये टाकलीच नव्हती. त्यामुळे सगळी रक्कम आगाऊ भरणा म्हणून पडून राहिली आणि दर महिन्याला तिच्यातूनच नेहमीचा हप्ता वळता होऊ लागला. मुद्दल एकदम कमी झालं नाही, म्हणून व्याज चालूच. हे मी शाखेत दाखवलं. ‘करून देतो मॅडम, काळजी करू नका,’ एवढंच मिळालं. पडून असलेली रक्कम अर्थातच शेवटच्या हप्त्यांना पुरली नाही आणि खातं थकीत झालं. मुदतीआधी सगळं फेडणाऱ्या बाईच्या नावावर थकबाकी!

तेही मला शाखेने कळवलं नाही. मुलीच्या शैक्षणिक कर्जाला मी सहअर्जदार होते. त्या दुसऱ्या बँकेतल्या बाई म्हणाल्या, ‘ताई, तुमच्या नावावर एक लोन ओव्हरड्यू दाखवतंय. हे मिटल्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही.’ लेक शेजारीच बसली होती आणि कॉलेजची फी भरायची तारीख तोंडावर आली होती. बाबांसाठी काढलेल्या कर्जापायी पोरीचा प्रवेश अडायचा, हे मला सहन होईना. पहिल्या हप्त्याची फी माझ्या भावाने भरली, म्हणून निभावलं.

आपल्याकडे क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढले, चारही ठिकाणी तीच थकबाकी. ऑनलाइन डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाकला. पण या कंपन्या स्वतःहून नोंद बदलत नाहीत, बँकेला विचारतात. बँकेने कळवलं, माहिती बरोबर आहे. झालं, डिस्प्यूट बंद. ज्यांनी घोळ घातला त्यांचाच शब्द प्रमाण मानला गेला, आणि माझ्याकडची भरण्याची पावती कोणी पाहिलीसुद्धा नाही.

मग मी काउंटरवर बोलणं थांबवलं आणि बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याकडे, लेखी तक्रार केली. सोबत फोरक्लोजर लेटर आणि पैसे भरल्याच्या दिवसाचं स्टेटमेंट जोडलं. पत्रात रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाचा उल्लेख केला. एप्रिल २०२४ पासून ते लागू आहे. क्रेडिट रिपोर्टमधल्या चुकीची तक्रार ३० दिवसांत सुटली पाहिजे, त्यातले २१ दिवस बँकेचे. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. दुरुस्ती नाकारली तर बँकेने कारणही कळवायचं असतं. मला कारण कधीच कळवलं गेलं नव्हतं, तेही लिहिलं.

नोडल अधिकाऱ्याचंही उत्तर आलं नाही. ३० दिवस उलटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार दाखल केली; बँकेविरुद्धच्या तक्रारी हा लोकपाल बघतो. तिला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो, म्हणून शाखेत दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी बोलणं झालं असेल तर त्याच संध्याकाळी ‘आज आपण असं सांगितलंत’ असा ईमेल टाका. माझी तक्रार उभी राहिली ती अशाच ईमेलांवर.

लोकपालाकडून बँकेला विचारणा गेली आणि ज्या शाखेत मला कोणी खुर्ची दिली नव्हती तिथून मॅनेजरचा स्वतःहून फोन आला. खातं लगेच बंद करतो म्हणाले. इथे मात्र मी अडून बसले. आजच्या तारखेने बंद केलं तर मधल्या महिन्यांचे उशिराचे शेरे रिपोर्टमध्ये तसेच राहतात. पैसे भरले त्या मूळ तारखेनेच बंद करा आणि मधे कापलेलं व्याज परत द्या, हे लेखी मागितलं आणि ते मिळालं. भरपाईही खात्यात आली. नो ड्यूज सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा मी आणि नवरा दोघंही शाखेच्या पायरीवर बसून ते दोनदा वाचत होतो. चारही रिपोर्ट दुरुस्त झाल्यावर लेकीचं कर्ज मंजूर झालं.

वसुलीवाल्यांचं मघाशी राहिलं. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांनी वसुलीसाठी फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलेलं आहे. माझ्या सासूबाईंना रात्री फोन आला होता. त्या फोनची तारीख-वेळ लिहून बँकेला ईमेल केल्यावर तो प्रकार थांबला.

आणि मुदतीआधी कर्ज भरणार असाल तर पैसे भरायच्या दिवशीच कर्ज बंद करण्याचा लेखी अर्जही द्या, त्याची पोच घ्या. हप्ता आपोआप कापण्यासाठी दिलेलं मँडेट कर्ज बंद झाल्यावर रद्द झालंय का, तेही विचारा. क्रेडिट कार्ड बंद करायला सांगितलं आणि बाकी काही नसेल तर बँकेला कामाचे ७ दिवस असतात, पुढे दर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला मिळतो. माझं कार्ड मी असाच लेखी अर्ज देऊन बंद केलं आणि ते वेळेत झालं.