तेरा पाकिटांसाठी चार फोन : माझा अनुभव

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सहा महिने पुण्याला जायचं ठरलं आणि मला पहिलं टेन्शन आलं ते माझ्या गोळ्यांचं. गर्भनिरोधक गोळ्यांचं. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. मागे एकदा ब्रँड बदलला होता तर दोन महिने डोकं धरून बसले होते.

मी राहते त्या कॅलिफोर्नियात २०१७ पासून कायदा आहे: वर्षभराच्या गोळ्या एकदम घेतल्या तरी इन्शुरन्सने त्या भरायच्या. डॉक्टरकडून प्रिस्क्रिप्शन आलं, तिथवर सगळं सुरळीत.

काउंटरवरच्या मुलीने स्कॅन केलं. "तीन महिन्यांच्याच निघतायत."

मी म्हटलं, कायदा आहे. ती म्हणाली, इन्शुरन्स रिजेक्ट करतोय. मागे रांगेत आपल्याकडचे एक काका, हातात खोकल्याचं औषध, नजर छताकडे आणि कान माझ्याकडे. तिथूनच इन्शुरन्सला फोन लावला. ते म्हणाले, फार्मसी चुकीचं भरतेय. फार्मसी म्हणाली, आमचं बरोबर आहे, त्यांनी परवानगी टाकायला हवी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या फोनवर पस्तीस मिनिटं ती पिपाणी ऐकली आणि मग लाइनच कट. विमानाला नऊ दिवस उरले होते. आरोग्य विम्यावर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या मॅनेज्ड हेल्थ केअर खात्याकडे दाद मागता येते, पण साधारणपणे आधी कंपनीकडे तक्रार करून तीस दिवस थांबावं लागतं. माझ्याकडे तीस दिवस कुठले!

२०२२ च्या नोव्हेंबरात इथल्या मतदारांनी गर्भनिरोधकांचा हक्क राज्यघटनेत घातला. फार्मसीच्या कॉम्प्युटरला मात्र कुणी सांगितलेलं दिसत नाही.

चौथ्या फोनला मैत्रिणीने शिकवलेला प्रश्न विचारला: "माझा प्लॅन फुली इन्शुअर्ड आहे की सेल्फ-फंडेड?" पलीकडे शांतता. मग, "फुली इन्शुअर्ड." म्हणजे माझे दावे विमा कंपनीच भरते. म्हटलं, मग राज्याचा कायदा लागू आहे, नकार लेखी पाठवा. सुपरवायझर आली. वीस मिनिटांत कळलं की त्यांच्या सिस्टीममध्ये नव्वद दिवसांची मर्यादा तशीच पडून होती. ती उठवली. मला त्या क्षणी आनंद कमी झाला आणि संताप जास्त.

हा प्रश्न मी खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा होता. मैत्रिणीच्या नवऱ्याची कंपनी मोठी, प्लॅन सेल्फ-फंडेड, म्हणजे दावे कंपनी स्वतःच्या खिशातून भरते. अशा प्लॅनवर १९७४ च्या केंद्रीय कायद्यामुळे, ज्याला सगळे एरिसा म्हणतात, राज्याचे विम्याचे नियम चालत नाहीत. तिला तीन-तीन महिन्यांच्याच मिळतात. एचआरला एक ईमेल टाकली की कळतं. देशभरासाठी गर्भनिरोधकांच्या हक्काचा कायदा करायचा प्रयत्न २०२४ मध्ये सेनेटमध्ये अडला, त्यामुळे सध्या आपलं राज्य आणि आपला प्लॅन, एवढंच हातात.

अजून एक आठवलं. डॉक्टरची वेळ मिळत नसेल तर इथे काही फार्मसीत फार्मासिस्टच गोळ्या देऊ शकतो. फॉर्म भरायचा, बीपी मोजायचं. आणि हो, प्रवासात पाकिटांवरचं नावाचं लेबल काढू नका.

शेवटी तेरा पाकिटं, ३६४ दिवस. नेहमीच्या कागदी पिशवीत मावेनात, म्हणून काउंटरवरच्या मुलीने खोकंच शोधून आणलं आणि स्टेपलर हातात धरून विचारलं, "हे सगळं एकाच माणसाचं?"