जांबोटीच्या बाजूला गाडीत मुक्काम : माझा अनुभव

बेळगावातून जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला लागलं की गाडीत झोपायची सोय करून निघालेल्या माणसाला प्रत्येक वळणावर 'हितंच थांबूया' असं वाटतं. थांबायचं कुठं, हे ठरवण्यातच आमचा खरा वेळ गेला. गाडीचं काम सोपं होतं. ईकोत कायमचं काही ठोकलं नाही. प्लायची फळी, गादी, पडदे, सगळं काढता-घालता येणारं. आरसीवरच्या रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची मंजुरी लागते. त्या भानगडीत पडलो नाही.

खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. अभयारण्यात परवान्याशिवाय शिरायला आणि आग लावायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. शिवाय अभयारण्याबाहेरही राखीव जंगल आहेच, आणि नुसत्या नजरेला ते कुणाच्या तरी पडीक रानासारखं दिसतं. म्हणून वनखात्याच्या कचेरीत गेलो. अर्ज कन्नडमध्ये हवा होता, तो बाहेरच्या झेरॉक्सवाल्यानं टाईप करून दिला. आतल्या साहेबांनी मात्र अर्ज बाजूला ठेवून सरळ सांगितलं, "मालकीच्या जमिनीत थांबा, मालकाला विचारून. मग आमच्याकडं यायचं कारणच नाही."

मालक सापडले ते बायकोच्या मामांच्या ओळखीतून. काजूची बाग, शेजारी ऊस, पलीकडं जंगल. काकांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली, मग म्हणाले, "ऱ्हावा की. पण शेकोटी पेटवायची न्हाई, आणि रातच्याला उसाकडं बॅटरी मारत जायचं न्हाई. हत्ती येऊलालेत."

गाडी कुठं लावायची हेही त्यांनीच दाखवलं. आम्ही काजूच्या सावलीत घालत होतो. खाली वाळक्या पाल्याचा घोटाभर थर, आणि घाटरस्त्यानं आलेला सायलेन्सर तापलेला. त्यांनी खराट्यानं पाला ओढून उघड्या मातीवर जागा करून दिली. केळी आणि फळं डब्यात घट्ट बंद करून घरातच ठेवून घेतली. वासानं हत्ती येतो म्हणे. मला ते पटलं.

पाल्यात बसायचं नाही याला दुसरंही कारण आहे. माकडताप गोचिडांमुळं पसरतो आणि त्याचे रुग्ण मुख्यतः डिसेंबर ते मे या काळात सापडतात, म्हणजे नेमक्या आपल्या कॅम्पिंगच्या दिवसांत. शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्गात तो येऊन गेलाय. पूर्ण बाह्या, पँटचे पाय मोज्यात खोचलेले, आणि झोपण्याआधी पोरांची मान, काखा, गुडघ्यामागं बॅटरीनं बघणं, एवढं आम्ही केलं. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं.

राहिला पाण्याचा आणि संडासचा प्रश्न, ज्याबद्दल व्हॅनवाले व्हिडिओत कुणी बोलत नाही. पिण्याचं पाणी कॅनमधून नेलं होतं. भांडी आधी कागदानं पुसून घेतली, मग थोड्या पाण्यात धुऊन ते पाणी बादलीत साठवलं. ओढ्यावर साबण नेला नाही. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते, खाली खानापूर आणि पुढं सौंदत्तीचं धरण. आपला फेस कुणाच्या तरी घागरीत जाणार. संडाससाठी झाकणाची बादली आणि सॉ-मिलमधला लाकडाचा भुसा. प्रत्येक वेळी वर दोन मुठी टाकायच्या. वास येत नाही, यावर घरी कुणाचा विश्वास बसला नव्हता. तरी बायकांची आणि पोरांची सोय काकांनी घरात करून दिली, हे सांगितलं पाहिजे.

गाडीत गॅस पेटवायचा तर दोन्ही बाजूच्या काचा उघड्या, आणि झोपायच्या आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. थंडी कितीही असो.

काकांनी पैसे घेतले नाहीत. मग त्यांच्याकडचेच ओले काजूगर रोख देऊन घेतले. प्लॅस्टिक आणि डायपर पिशवीत बांधून बेळगावला आणले, घंटागाडीत दिले. आता ओळखीचे लोक काकांचा नंबर मागतायत. त्यांना विचारल्याशिवाय देणार नाही. ते म्हणालेत, काजूची बी गोळा करायचं चालू असताना कुणी नको.