मोरया कुणी म्हणायचं?

१०८ च्या ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर आहे म्हटलं की लोक विचारतात, ॲक्सिडेंट बघून भीती नाही का वाटत. मला भीती जिन्याची वाटते हो. परवाचाच कॉल घ्या, पेठेतला जुना वाडा, लाकडी जिना, एका वेळी जेमतेम एक माणूस जाईल एवढा, मध्येच वळण, धरायला वरून दोरी सोडलेली आणि दुसऱ्या मजल्यावर नव्वदच्या पुढचे काका (किलो, वय नाही) छाती धरून घामाघूम. आम्ही दोघंच, मी आणि पायलट, म्हणजे ड्रायव्हर.

मुलगा म्हणतो, "मॅडम, चालत येतील ते, आत्ताच बाथरूमला जाऊन आले." अरे बाबा, हृदयाला आधीच रक्त पुरत नाहीये, त्यात त्याला आणखी कामाला कशाला लावायचं? एक पायरीसुद्धा नाही म्हटलं.

स्ट्रेचर त्या वळणावर फिरणं शक्यच नव्हतं. मग खुर्ची मागितली तर आणली प्लास्टिकची, तिचे पाय कधी फाकतील नेम नाही, म्हणून हाताची लाकडी शोधायला लावली. काकांना छातीशी आणि गुडघ्यांशी चादरीने बांधलं आणि बजावलं, हाताची घडी सोडायची नाही, कारण खाली येताना पेशंट घाबरून दोरी पकडतो आणि मग सगळेच डुगडुगतात.

तोवर शेजारची पोरं जमली होती, "मॅडम तुम्ही बाजूला व्हा, आम्ही उचलतो ना," आणि मी काही बोलायच्या आत कुणीतरी ओरडलं गणपती बाप्पा! पुढच्या दोघांनी बाप्पालाच उचललं, मागचे मोरयाची वाट बघत उभे. खुर्ची तिरकी, काकांची एक चप्पल निसटून खटखट करत थेट खालच्या चौकात.

खाली ठेवायला लावली. म्हटलं आता फक्त मी बोलणार. एक, दोन, तीन, उचल. तीनला नाही, 'उचल'ला उचलायचं. गुडघे वाकवा, कंबर नाही, खुर्ची पोटाजवळ. पाय पुढे करून उतरवलं, खालच्या बाजूला पायलट उलटा उतरत होता, त्याच्या पाठीला हात लावून एक पोरगा सांगत होता, अजून दोन पायऱ्या, आता वळण. सगळ्यात महत्त्वाचं काम त्याचंच होतं, त्याला वाटलं आपल्याला उचलायलाच दिलं नाही!

माझी स्वतःची कंबर गेली होती ती पन्नास किलोच्या आजींना कॉटवरून घेताना. वजनाने नाही, पाय जागेवर ठेवून नुसती कंबरेत वळले म्हणून. अमेरिकेच्या निऑश या संस्थेचं गणित आहे की सगळं मनासारखं असलं तरी एका माणसाने २३ किलोच्या वर उचलू नये. आपला भरलेला घरगुती सिलेंडरच ३० च्या आसपास भरतो, आणि सिलेंडर निदान मध्येच दोरी तरी पकडत नाही.

रस्त्यावरच्या ॲक्सिडेंटला मात्र उलटं. तिथे हीच उत्साही पोरं आम्ही पोचायच्या आत हात-पाय धरून माणसाला रिक्षात कोंबतात, मानेचं कुणाच्या डोक्यातच नसतं. आग किंवा गाड्यांचा धोका नसेल तर हलवू नका हो, डोकं आहे तसं दोन्ही हातांनी स्थिर धरून बसा. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

काकांना गाडीत घेतलं, ऑक्सिजन बघितला, ईसीजीच्या लीड लावत होते तर मास्कमधून काहीतरी पुटपुटले. कान जवळ नेला.

"चप्पल घेतली का ती?"