गाय गाभडल्यावर गोठ्यातल्या शेणाचं काय केलं

मार्चअखेरीस आमची एक गाय सातव्या महिन्यात गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि निदान ब्रुसेलाचं निघालं. हा रोग माणसालाही लागतो. ताप येतो-जातो, कंबर-सांधे धरतात, अशक्तपणा लवकर हटत नाही. दूध उकळून प्या, वारेला, म्हणजे गर्भामागून पडणाऱ्या जाराला, उघडा हात लावू नका, हे सगळे सांगतात. पण गर्भजल आणि वारेचा स्राव ज्या शेणात मिसळतो, त्या शेणाबद्दल कोणी बोलत नाही. थंड, ओल्या शेणात हा जंतू महिनोन्‌महिने तग धरतो.

आमचा उकिरडा नाल्याच्या वरच्या अंगाला. यवतमाळकडे मृगाचा पहिला जोरदार पाऊस आला की उकिरड्याचं काळं पाणी थेट नाल्यात उतरतं, आणि खाली गावची ढोरं पाणी पितात. म्हणजे जे करायचं ते पावसाआधीच.

गर्भ आणि वार विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड आणि बाभळीच्या काट्या रचल्या.

शेणावर ब्लीचिंग पावडर मारून मोकळं व्हा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. डॉक्टरांनी तो साफ मोडून काढला. शेणातला सेंद्रिय माल क्लोरीन आधीच खाऊन टाकतो, जंतूंपर्यंत ते पोचतच नाही. वर मुताच्या अमोनियाशी क्लोरीन मिळालं की घातक वायू सुटतो. चुन्यानं जंतू मरतात, पण त्यासाठी शेणाचा सामू (pH) 12 च्या आसपास न्यावा लागतो, आणि मग नत्र अमोनिया होऊन उडून जातं. कपाशीला घालायचं खत असं वाया घालवायला माझं मन होईना. म्हणून चुना गोठ्याच्या खरवडून धुतलेल्या जमिनीला, आणि ढिगाला उष्णता, असं ठरवलं.

उकिरड्यापासून दूर, उंचवट्यावर आधी पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचे, तुकडे पसरले, खालून हवा खेळावी म्हणून. त्यावर शेण आणि सोयाबीनचं कुटार मिसळून छातीइतका ढीग घातला. ओल मुठीत पाहायची: घट्ट दाबलं की बोटांच्या फटीत पाणी चमकावं, धार लागू नये. वैशाखात ही ओल टिकवणं हेच सगळ्यात कष्टाचं काम. वरचा थर दुपारपर्यंत पापडासारखा वाळतो, म्हणून ओली पोती अंथरली आणि रोज संध्याकाळी पाणी शिंपडलं.

मोकळ्या ढिगाचा दंडक असा, की आतलं तापमान निदान 15 दिवस 55 अंशांच्या वर राहावं आणि तेवढ्यात 5 वेळा पलटी व्हावी. मी लांब दांड्याचा तापमापक आणला. शेजारचे काका म्हणाले, "शेनाले कायचा ताप मोजतं बावा?" मग मी ढिगात खुपसलेली सळई काढून त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती लगेच सोडली, आणि पुढच्या पलटीला स्वतः फावडं घेऊन आले.

पलटी टाळून चालत नाही. गाभा तापतो तेव्हा बाहेरची साल तेवढी तापलेली नसते, आणि जंतू तिथेच वाचतात. बाहेरचं आत, आतलं बाहेर, हे नेमानं व्हायला हवं. हातमोजे, गमबूट आणि तोंडाला रुमाल, यात मी कोणालाही सूट दिली नाही. पोरांना तिकडे फिरकूही दिलं नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे तापलेल्या ढिगावर ताजं शेण टाकायचं नाही, नाहीतर मेलेल्या जंतूंच्या जागी नवे येतात.

जूनच्या तोंडावर खत काळं, भुसभुशीत झालं, कुबट वास गेला. ते कपाशी-तुरीच्या वावरात पसरलं. मेथी-पालकाच्या वाफ्यांना मात्र यंदा यातलं टोपलंभरही दिलं नाही.

गाय विकली नाही, कारण दुसऱ्याच्या गोठ्यात रोग पाठवणं मला पटत नाही. तिला वेगळी बांधली आहे, तिचं शेण वेगळ्या ढिगात जातं, आणि त्यालाही हीच रीत. 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच द्यावी लागते. आमच्या दोघींना ती दिली आहे.